निकालाकडे बघणारा अर्जुन



आजच्या चिंतनासाठी: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७.

हा श्लोक ठाऊक नाही असं मराठी घर सापडणं कठीण. तो कॅलेंडरवर असतो, दवाखान्याच्या भिंतीवर असतो, आणि कमी मार्क पडलेल्या मुलाची समजूत काढणाऱ्या काकांच्या तोंडी तर असतोच असतो. इतक्या वेळा कानावर पडल्यामुळे आपण तो ऐकायचं सोडून दिलं आहे. म्हणून आज जरा सावकाश वाचू.

निमित्तही आहे. आमच्या रविवारच्या गीता-वाचनाला येणाऱ्या एका मुलीनं परवा मेसेज केला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं लिहिलं होतं, "ताई, या सेमिस्टरला ९ पॉइंटरचं टार्गेट ठेवलंय. ही फलासक्ती झाली का? आणि टार्गेट सोडलं तर अभ्यास तरी कशासाठी करू?"

प्रश्न अगदी रास्त आहे. "फळाची इच्छा धरू नकोस" एवढं एका ओळीत सांगून मला तो उडवून लावायचा नाही. कॉलेजात असलेल्या मुलाच्या आयुष्यात ध्येयाचा प्रश्न रोजचा असतो. सबमिशन, व्हायवा, इंटर्नल, प्लेसमेंट, पुढे गेट किंवा एमपीएससी. ध्येय न ठेवता चार वर्षं काढणारा मुलगा निष्काम कर्मयोगी होत नाही, बहुतेक वेळा तो एटीकेटी घेऊन बसतो. मग गीता नक्की काय सोडायला सांगते?

हे कुणाला सांगितलं?

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपण हा श्लोक हावरट माणसाला दिलेली तंबी असल्यासारखा वाचतो, जणू अर्जुनाला राज्याचा लोभ सुटला होता आणि देवानं त्याला आवरलं. पण पहिला अध्याय उघडून बघा. अर्जुनाला राज्य नकोच आहे. त्याचे हातपाय गळाले आहेत, तोंड कोरडं पडलं आहे, अंगाला कंप सुटला आहे, गांडीव हातातून निसटतं आहे. दुसऱ्या अध्यायात तर तो म्हणतो की आम्ही जिंकावं की त्यांनी जिंकावं, यातलं बरं काय तेही मला कळत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत हीच लक्षणं दिसतात. कोरडं तोंड, थरथर, आणि "यापेक्षा ड्रॉप घेतलेला बरा" असा विचार.

म्हणजे हा श्लोक निकालाच्या विचारानं गोठून गेलेल्या माणसाला सांगितला आहे. फळ म्हणजे फक्त बक्षीस असं आपण धरतो. पण "नापास झालो तर?" ही भीतीसुद्धा फळाचीच आसक्ती आहे, फक्त उलट्या बाजूची. अर्जुन जिंकण्याच्या हावेत अडकलेला नव्हता, होणाऱ्या परिणामांत अडकलेला होता. ही गोष्ट मला आजच्या मुलांसाठी फार मोलाची वाटते, कारण आपल्यातले बरेच जण हावरे नाहीत. आपण घाबरलेले आहोत.

दोन अर्जुन

महाभारताच्या आदिपर्वातली द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. क्लासेसच्या पोस्टरवर ती असतेच. झाडावर एक कृत्रिम पक्षी ठेवलेला. युधिष्ठिराला विचारलं, काय दिसतं? त्यानं सांगितलं की झाड दिसतं, तुम्ही दिसता, माझे भाऊ दिसतात, पक्षीही दिसतो. अर्जुनाला फक्त पक्षी दिसला, आणि पुढे तर नुसतं पक्ष्याचं डोकं.

पोस्टरवाले याचा अर्थ "ध्येयावर नजर ठेवा" असा लावतात आणि खाली आयआयटीचं चित्र छापतात. मला वाटतं गोष्ट नेमकी उलटं सांगते. त्या क्षणी अर्जुनाला काय दिसत नव्हतं ते बघा. गुरूंची शाबासकी दिसत नव्हती. भावांपेक्षा आपण पुढे जाऊ हे दिसत नव्हतं. हातातलं काम जिथे टेकतं तेवढीच जागा दिसत होती. पोस्टरवरचं आयआयटीचं चित्र म्हणजे पक्षी नव्हे, ती शाबासकी आहे. पक्षी म्हणजे समोर उघडलेलं आजचं गणित.

आता हाच अर्जुन अनेक वर्षांनी कुरुक्षेत्रावर उभा आहे. त्याला काय दिसतं? गुरू दिसतात, आजोबा दिसतात, भाऊ दिसतात, मामा, मुलं, नातवंडं, मित्र, सगळे दिसतात. लहानपणी युधिष्ठिराला जे दिसलं होतं तेच आज अर्जुनाला दिसतं आहे, आणि धनुष्य निसटतं आहे. सगळ्या पृथ्वीवर असा धनुर्धर नाही, तरी निसटतं. हुशारी कमी पडलेली नाही. नजर पसरली आहे.

कॉलेजात आलेल्या कितीतरी हुशार मुलांचं हेच होतं. दहावीत, बारावीत पक्षी दिसत असतो. इथे आल्यावर बाजूच्या बाकावरचा मुलगा दिसतो, लिंक्डइनवरचा सीनिअर दिसतो, बाबांचा चेहरा दिसतो, कर्जाचा हप्ता दिसतो. पुस्तक तेवढं दिसत नाही.

अशा माणसाला देव "मोठं ध्येय ठेव, म्हणजे जोर येईल" असं सांगत नाही. त्याला तो चार गोष्टी सांगतो. तुझा अधिकार कर्मावर आहे. फळावर कधीच नाही. फळ मिळावं एवढ्याच कारणानं कर्माला हात घालू नकोस. आणि कर्म न करण्याकडेही ओढला जाऊ नकोस. यातली चौथी गोष्ट आपण सोयीनं विसरतो. "फळाची अपेक्षा नाही" म्हणत लेक्चर बुडवणाऱ्यांसाठी ती त्याच श्लोकात सांगून ठेवली आहे.

अधिकार नाही, म्हणजे काय?

"फळावर अधिकार नाही" हे ऐकायला अन्याय वाटतो. मी मेहनत करायची आणि मार्कांवर माझा हक्क नाही?

याचं उत्तर गीतेनं अठराव्या अध्यायात, १४ व्या श्लोकात दिलं आहे. कोणतंही कर्म घडतं ते पाच कारणांनी: अधिष्ठान, कर्ता, साधनं, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवं दैव. परीक्षेलाच लावून बघा. हे शरीर, त्याला त्या दिवशी ताप असेल किंवा नसेल. करणारा मी. साधनं म्हणजे डोळे, हात, स्मरण, पेन. प्रयत्न म्हणजे मी केलेला अभ्यास. आणि दैव म्हणजे कोणता प्रश्न आला, पेपर कुणी तपासला, त्या वर्षी बाकीच्यांनी कसा लिहिला.

मार्क या पाचांचे मिळून आहेत. त्यातला माझा वाटा खरा आहे, मोठाही असेल, पण सगळा ढीग माझा नाही. जे पाचांच्या मालकीचं आहे त्यावर मी एकटीनं सातबारा कसा चढवायचा? गीता आपल्याकडून काही हिसकावून घेत नाही. मालकीची नोंद दुरुस्त करून देते.

हे पटलं की ध्येयाचे दोन प्रकार आपोआप वेगळे दिसायला लागतात. "मला ९ पॉइंटर पाहिजे" हे पाचांच्या हातातलं ध्येय. "परीक्षेपर्यंत गेल्या वर्षांचे ८ पेपर वेळ लावून सोडवीन" हे जवळजवळ माझ्या हातातलं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच फरक तपासला. डेमन क्लार्क, डेव्हिड गिल, व्हिक्टोरिया प्राउज आणि मार्क रश अशी त्यांची नावं. त्यांचं संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. दोन प्रयोगांत मिळून जवळपास ४,००० विद्यार्थी होते. एका प्रयोगात मुलांनी स्वतःसाठी ग्रेडचं किंवा मार्कांचं ध्येय ठरवलं. दुसऱ्यात त्यांनी सरावाच्या किती ऑनलाइन परीक्षा सोडवणार ते ठरवलं. मार्कांचं ध्येय ठेवल्यामुळे मार्कांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कामाचं ध्येय ठेवणाऱ्यांनी मात्र सराव स्पष्टपणे जास्त केला, आणि त्यांचे मार्कही थोडेसे वाढलेले दिसले.

त्यांनी दिलेली कारणंही विचार करण्यासारखी आहेत. मार्क किती पडतील याबद्दल विद्यार्थ्यांचा अंदाज फाजील आत्मविश्वासाचा असतो, शिवाय मार्क किती पडणार हे मुळातच अनिश्चित असतं. त्यामुळे मोठ्ठं ध्येय लिहिल्याचं समाधान आज मिळतं आणि आजच्या कामावर त्याचा दाब येत नाही. "आज एक पेपर" याला मात्र पळवाट नाही. रात्री झोपताना तो सोडवलेला तरी असतो, नाहीतर नसतो.

एक सांगते. संशोधनानं सिद्ध झालं म्हणून गीता खरी ठरली, असं मला म्हणायचं नाही. गीतेला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही आणि त्या संशोधकांच्या मनात गीता नव्हती. मला एवढंच दिसतं की माणसाचं मन कुरुक्षेत्रावर जसं होतं तसंच वर्गातही आहे.

पण दोन आक्षेप खरे आहेत

पहिला. "मला पहिलं यायचंय" असं ध्येय ठेवणाऱ्यांना मार्क मिळतात की! आणि हे खोटं नाही. ज्युडिथ हॅराकेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर अनेक वर्षं काम केलं. मानसशास्त्राच्या सुरुवातीच्या कोर्सला बसलेल्या मुलांत त्यांना असं दिसलं की दुसऱ्यांपेक्षा पुढे जायचं ध्येय असणाऱ्यांना ग्रेड चांगल्या मिळाल्या. विषय समजून घ्यायचं ध्येय असणाऱ्यांना त्या विषयात गोडी लागली आणि ती गोडी पुढेही टिकली.

म्हणजे स्पर्धेनं मार्क मिळू शकतात. त्याचं ढोंग कशाला करायचं? गीताही असं कुठे म्हणत नाही की फळाच्या इच्छेनं केलेल्या कर्माला फळ येत नाही. ती फक्त अशा माणसाला पुढे ४९ व्या श्लोकात एक शब्द वापरते: कृपण. आपल्याकडे कृपण म्हणजे कंजूष. पुष्कळ असूनही ज्याला स्वतःला त्यातलं काही चाखता येत नाही तो. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स वाचून ज्याच्या हाती फक्त ग्रेड कार्ड उरतं, त्याला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. गोडी हे शिक्षणाचं असं फळ आहे की जे कुठल्याही निकालाची वाट न बघता, काम चालू असतानाच मिळतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ज्या मुलीनं मला मेसेज केला तिच्या वडिलांनी शिक्षणासाठी कर्ज काढलं आहे. ठराविक पॉइंटरच्या खाली असलेल्यांना पुष्कळ कंपन्या प्लेसमेंटला बसूच देत नाहीत. तिला जर मी म्हणाले, "बाळा, फळाचा विचार सोड," तर ते पोट भरलेल्या माणसानं उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगण्यासारखं होईल. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये चौथ्यांदा, पाचव्यांदा परीक्षेला बसणारी गावाकडची मुलं असतात. फळ त्यांच्यासाठी अहंकाराची गोष्ट नाही, धाकट्या बहिणीच्या फीची गोष्ट आहे.

म्हणून मी स्पष्ट लिहिते: गरज वाटणं म्हणजे आसक्ती नव्हे. अर्जुनासमोरही खराखुरा प्रश्न होता, नुसता मनाचा खेळ नव्हता. देवानं त्याला "युद्धाचं काय होईल याला काही महत्त्व नाही" असं सांगितलं नाही. काय होईल याचा भार तू खांद्यावर घेऊन बाण सोडू शकणार नाहीस, एवढं सांगितलं. ज्याच्यावर सगळ्यात जास्त ओझं आहे त्यालाच हे ओझं खाली ठेवायची सगळ्यात जास्त गरज आहे. कर्ज खरं आहे. पण पेपर लिहिताना कर्ज हातात धरलं तर पेन कुठे धरणार?

वारीचं गणित

हे कसं जमायचं? आपल्याकडे त्याचं जिवंत उदाहरण आहे आणि ते दर वर्षी आपल्या डोळ्यांसमोरून जातं.

आळंदीहून माउलींची पालखी निघते. पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. ध्येय ठरलेलं आहे, तिथीही ठरलेली आहे, आषाढी एकादशी. म्हणजे वारकरी ध्येयाशिवाय चालत नाही. त्याच्याइतकं पक्कं ध्येय कुणाचं नसेल. पण सकाळी उठल्यावर तो २५० किलोमीटर चालायला निघत नाही. आजचा मुक्काम कुठला ते ठरलेलं असतं, आणि तो आजचा टप्पा चालतो. दिवे घाट चढताना "अजून किती राहिलं" याचा हिशोब करत बसला तर घाट चढेल कोण? तो अभंग म्हणतो, टाळ वाजवतो, पावलं पडत जातात.

आणि पोचल्यावर? दर्शनाची रांग इतकी लांब असते की कितीतरी वारकरी कळसाचं दर्शन घेऊन, हात जोडून परत फिरतात. इतके दिवस चालून मूर्ती जवळून दिसली नाही. त्यांचे चेहरे बघा. फसवलं गेल्याची खूण त्यावर नसते. कारण वाटेत रोज जे मिळत होतं ते मिळालेलंच असतं. विठ्ठल काय फक्त गाभाऱ्यात होता?

पंढरपूर सोडू नका. मुक्काम ठरवा. ९ पॉइंटर हे पंढरपूर असू दे, आजचा मुक्काम मात्र दोन प्रकरणं आणि दहा गणितं.

एक सावधगिरी

मन फार चलाख आहे. कामाचं ध्येय ठेवा म्हटलं की ते त्याचंही फळ करून टाकतं. "आज १२ तास बसलो" अशी स्टोरी टाकतं. ॲपवरचा स्ट्रीक तुटू नये म्हणून पुस्तक उघडून नुसतं बसतं. पेपरांचा आकडा पूर्ण करायचा म्हणून उत्तरं बघून बघून सोडवतं. मग ८ पेपर झाले, पण झालं काहीच नाही.

म्हणून ५० व्या श्लोकात कौशल्याची गोष्ट येते. कर्म किती केलं याइतकंच ते कसं केलं हेही महत्त्वाचं. चुकलेलं गणित पुन्हा करणं, न समजलेली पायरी सरांना विचारणं, हे कुठल्याही ॲपवर मोजलं जात नाही. ते फक्त देव बघतो.

आणि शेवटी उरलेलं फळ कुठे ठेवायचं? ते हवेत सोडून चालत नाही, मन पुन्हा जाऊन उचलून आणतं. नवव्या अध्यायात, २७ व्या श्लोकात देव म्हणतो की जे जे करशील, खाशील, देशील, ते मला अर्पण कर. मला ही जागा फार आवडते. फळ "सोड" म्हटलं की हात रिकामा वाटतो. "मला दे" म्हटलं की समोर कुणीतरी असतं. आपण घरी नैवेद्य दाखवतो तेव्हा पोळी नाहीशी होत नाही, ती आपल्याच ताटात परत येते. पण आता ती प्रसाद असते. मार्कांचंही तसंच होऊ दे. ९ आले तर प्रसाद, ७ आले तरी प्रसाद. प्रसादाला कुणी नावं ठेवत नाही, आणि प्रसाद मिळाला म्हणून कुणी मिरवतही नाही. ७ चा प्रसाद खाऊन, हात धुऊन, पुन्हा पुढच्या सेमिस्टरचं पुस्तक उघडायचं असतं, एवढंच.

तिला मी हेच कळवलं. ९ तसंच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, त्याच्याखाली "विठ्ठला, हे तुझ्याकडे" असं लिही आणि पान उलट. दुसऱ्या पानावर फक्त आजचं लिही.

आजचा संकल्प: झोपण्यापूर्वी उद्याच्या दिवसाचं एकच काम लिहा. असं काम, जे पूर्ण झालं की नाही हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज पडणार नाही. सकाळी ते सुरू करण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटा आणि देवाला सांगा, "हे मी करते, पुढचं तू बघ." मुलग्यांनी "करतो" म्हणावं. देवाला दोन्ही कळतं.

उद्या आपण श्लोक ४८ बघू. यश आलं काय, अपयश आलं काय, मन सारखं ठेवायचं म्हणजे मन मारायचं का, हा उद्याचा प्रश्न.

श्रीकृष्णार्पणमस्तु.